न पिकणारा फोड
(कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांच्या त्वचेचे गंभीर जंतुसंसर्ग : एक पाठ)

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी आपण काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा शाळा, शिस्त, वाचन यांपैकी एखाद्या परिचित विषयावर चार शब्द लिहावेत असे प्रथम आमच्या मनात आले. बावीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसास त्या विषयांवर लिहिणे अवघड नाही. परंतु एक गोष्ट गेली काही वर्षे आमच्या मनात सलत आहे. ती आम्ही उशिरा शिकलो, आणि त्या उशिराची किंमत आम्हांस द्यावी लागली नाही. एका मुलाने दिली. म्हणून तोच पाठ येथे मांडीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. त्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जे समजावून दिले आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून पारखून घेतले, तेवढेच येथे सांगणार आहोत.

एका शुक्रवारची गोष्ट

आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्यास रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया, झाला होता. मुंबईस उपचार सुरू होते. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत तो आईवडिलांसह खानापूरकडील आपल्या गावी येऊन राही. एका शुक्रवारी दुपारी परीक्षेचे वेळापत्रक घेण्यासाठी तो वडिलांबरोबर शाळेत आला. निघताना त्याने आम्हांस पोटरी दाखविली. "सर, इथं सकाळपासून दुखतंय." मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. सूज नाही, पू नाही. आम्ही जुम्म्याच्या नमाजास निघण्याच्या घाईत होतो. एकदा पाहिले आणि म्हणालो, "केसतोड दिसतंय. दोन दिवसांत पिकेल आणि फुटेल. काळजी नको."

वडिलांच्या खिशात रुग्णालयाने दिलेले कार्ड होते. त्यावर दूरध्वनीचा क्रमांक होता, आणि ताप अथवा अंगावर काही नवे दिसल्यास ताबडतोब कळवावे असे लिहिले होते. ते त्या क्रमांकावर विचारणारच होते. आमचे शब्द ऐकून त्यांनी कार्ड पुन्हा खिशात ठेवले, असे आम्हांस पुढे समजले. खेड्यातला बाप मास्तरच्या शब्दावर विसंबतो, याचा आम्हांस एरवी अभिमान वाटत असे.

रात्री मुलास ताप भरला. घरात होती ती तापाची गोळी दिली. ताप उतरला आणि घरचे निश्चिंत झाले. शनिवारी सकाळी ठिपक्याच्या जागी रुपयाएवढा डाग होता. मध्यभाग काळपट, कडेने जांभळट लाल कडे. मुलगा ग्लानीत होता. बेळगावच्या रुग्णालयात नेले तेव्हा जंतू त्याच्या रक्तात पोचले होते.

मुलगा वाचला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीस लागणार नाही. परंतु त्यासाठी कित्येक दिवस अतिदक्षता विभागात, पोटरीचे सडलेले मांस कापून काढणे, पुढे मांडीची त्वचा घेऊन तेथे बसविणे, आणि कर्करोगाचे औषध तेवढे दिवस थांबणे, एवढे सर्व सोसावे लागले. डॉक्टरांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : "मास्तर, फोड पिकायला पू लागतो. पू कशाचा बनतो, ठाऊक आहे?" आम्ही विज्ञानाचे पदवीधर. शाळेत हाच विषय शिकवितो. तरीही त्या घटकेस आम्हांस उत्तर सुचले नाही.

पू म्हणजे काय?

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी १८८२ या एकाच वर्षाकडे पाहिले तरी पुरे आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस इटलीतील मेसिना येथे एली मेच्निकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रजीवाच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. अळीचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. त्यांनी तिच्या अंगात गुलाबाचा बारीक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केलेली. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर या पेशी चालून जातात व तिला गिळू पाहतात, हे त्यावरून त्यांनी ताडले. या कामाबद्दल पुढे १९०८ साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

मनुष्याच्या रक्तातील अशा लढाऊ पेशींत संख्येने सर्वांत मोठ्या त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. हाडांच्या पोकळीतील मज्जेत त्या दररोज हजारो कोटींनी तयार होतात. रक्तात आल्यावर त्यांचे आयुष्य एखाद्या दिवसापेक्षाही कमी. त्वचेस काटा रुतला, जंतू आत शिरले, की या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून तेथे धावतात. जागा लाल होते, सुजते, गरम लागते. पेशी जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. या मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले मांस यांचे मिश्रण म्हणजे पू. फोड पिकला म्हणजे लढाई झाली व बहुधा आपल्या बाजूने झाली, एवढाच त्याचा अर्थ. "फोड पिकू द्यावा" असे आपली वडीलधारी माणसे म्हणत आली, ती अनुभवाने बरोबरच म्हणत होती. परंतु त्या अनुभवामागे एक गृहीत होते, ते म्हणजे अंगात पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत हे.

ज्याच्या अंगात त्या नाहीत, त्याचा फोड पिकणार कशाने?

औषध आपल्याच पेशी का मारते?

केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात म्हणून त्या मरतात. परंतु शरीरातील मज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे याही भराभर वाढणाऱ्याच. औषधास आपपर कळत नाही.

या उपचाराची सुरुवात लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९४८ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांस ॲमिनॉप्टेरिन हे औषध दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत काही काळ तरी सुधारणा झाली. त्यापूर्वी या रोगावर चालणारे औषधच नव्हते. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपल्याकडील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. तेव्हापासून आजपर्यंत मोठी मजल मारली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी शंभरांत ८० हून अधिक बरी होतात. गरीब व मध्यम देशांत मात्र अनेक ठिकाणी हे प्रमाण ३० च्याही खाली आहे. या दरीची कारणे पुष्कळ आहेत : निदान उशिरा होणे, औषधे न मिळणे, पैशाअभावी उपचार अर्धवट सुटणे. त्यांपैकीच एक म्हणजे उपचार चालू असताना झालेला जंतुसंसर्ग. हे कारण असे आहे की त्यात घरच्या माणसांच्या हाती पुष्कळ काही असते.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल साधारणपणे दीड हजारांहून अधिक असतात. औषधाच्या जोरदार डोसानंतर ते उतरू लागतात आणि बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास तळ गाठतात. अशा मुलांच्या आया रुग्णालयात एकमेकींना विचारतात, "काउंट किती आले?" तो प्रश्न यासाठी. आकडा ५०० च्या खाली गेला की धोका, १०० च्या खाली गेला की मोठा धोका.

शिरकाव कोठून होतो?

त्वचा ही शरीराची तटबंदी. तटात भगदाड पडले आणि आत शिपाईही नाहीत, अशी या मुलांची अवस्था असते. भगदाडे कोणती, ते पाहू.

पहिले, नखांच्या कडा. नख कुरतडण्याची अथवा कडेची साल ओढण्याची सवय असली की नखुरडे होते. दुसरे, काखा, जांघा व बूड; येथे ओल राहते आणि घर्षण होते. तिसरे, गुदद्वाराभोवतीची जागा. बद्धकोष्ठाने तेथे चीर पडते, आणि आतड्यातील जंतू तर शेजारीच असतात. हा संसर्ग फार फसवा. बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. मूल फक्त शौचास बसताना रडते. चौथे, औषध देण्यासाठी दंडातून घातलेली पिक लाइन अथवा छातीवर त्वचेखाली बसविलेला पोर्ट. तेथे लाली, दुखरेपणा अथवा ओल दिसल्यास ती किरकोळ समजू नये. पाचवे, रोजचे ओरखडे : डासाचा चावा खाजविणे, खरूज, गोवराची राख होते तशी पांढरट कोरडी पडून भेगाळलेली त्वचा.

आपल्या घरांतील एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक वाटते. आजारी मुलाच्या दंडात ताईत, गळ्यात गंडा, कमरेस कडदोरा बांधण्याची चाल आपल्या हिंदू व मुसलमान दोन्ही घरांत आहे. बांधणाऱ्याच्या मायेबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु ओला दोरा त्वचेस दिवसरात्र घासत राहतो आणि त्याखाली जंतू वाढतात. दुवा असो वा आशीर्वाद, तो उशाशी ठेवला तरी पोचतोच. उपचाराचे महिने संपेपर्यंत दोरा अंगावर नको. कान टोचणे, जावळ काढणे, सुंता हेही डॉक्टरांस विचारल्यावाचून त्या काळात करू नये.

कोणते संसर्ग घातक?

पुन्हा १८८२ कडे येऊ. त्या वर्षी ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांच्या पुवात दिसणाऱ्या, द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके करणाऱ्या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कार्ल जेसार यांनी जखमांच्या पट्ट्या निळसर हिरव्या का होतात याचा शोध घेताना एक निराळा जंतू वेगळा काढला. त्यास आज स्यूडोमोनास एरुजिनोसा म्हणतात. आपल्या विषयातील दोन मोठे शत्रू हेच.

स्टॅफिलोकॉकस पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर मुकाट्याने राहतो. त्याच्याने व त्याचा भाईबंद स्ट्रेप्टोकॉकस याच्याने केसतोड, करट, नखुरडे, त्याचप्रमाणे विसर्प आणि त्वचेखालच्या थरात पसरणारा दाह होतो. निरोगी मुलात हे बहुधा एका जागी राहते. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलात ते तासातासाने पसरू शकते व रक्तात उतरू शकते.

स्यूडोमोनास ओलाव्यात राहतो : मोरीत, नळाच्या तोंडाशी, फुलदाणीच्या शिळ्या पाण्यात. निरोगी त्वचेस तो सहसा काही करीत नाही. परंतु शिपाई नसलेल्या शरीरात शिरला तर लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींतच घर करतो. भिंत कुजते, रक्त पुढे जात नाही, आणि त्यावर पोसणारे मांस मरते. त्वचेवर त्याचा दाखला उमटतो तो असा : प्रथम लाल ठिपका, मग त्यावर रक्ताळ फोड, मग काळी खपली आणि भोवती लाल कडे. हा सर्व प्रवास बारा ते चोवीस तासांत होऊ शकतो. वैद्यकात यास एक्थायमा गॅन्ग्रिनोसम म्हणतात. इतर काही जंतू व बुरशी यांच्यामुळेही असा डाग होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पोटरीवर जे होते, ते हेच.

तिसरा प्रकार सर्वांत भयंकर. त्यात जंतू त्वचेखालच्या पडद्यावरून आडवे पसरत जातात आणि वरची त्वचा प्रथम जवळजवळ चांगलीच दिसते. त्याची खूण एकच : दिसते थोडे, दुखते फार. मूल नुसता हात लावू देत नाही आणि आपण म्हणतो, "एवढेसे तर आहे!" अशा वेळी मुलाच्या रडण्यावर विश्वास ठेवावा, आपल्या डोळ्यांवर नको. येथे औषधाबरोबर शस्त्रक्रियाही तातडीने करावी लागते.

या तिन्ही प्रकारांत समान गोष्ट अशी की, सूज, लाली, पू ही जी लक्षणे पाहून आपण फोडाची पारख करतो, ती बहुतांशी पांढऱ्या पेशींची करणी असते. पेशी नसल्या की ही लक्षणेही फार थोडी दिसतात. निरोगी मुलात फोड जितका लहान तितका तो क्षुल्लक. या मुलांत तसा हिशेब चालत नाही. शिवाय ल्युकेमियाच्या उपचारात स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. त्यांनी तापही दबतो. म्हणून ताप नाही, परंतु मूल मलूल आहे, हातपाय गार आहेत, नीट बोलत नाही, अशी स्थिती असेल तर तीही तापाइतकीच गंभीर समजावी.

"वाट पाहू" हे कसे संपले?

एके काळी डॉक्टरही वाट पाहत. ताप आला, तर जंतू कोणता हे प्रयोगशाळेतून कळेपर्यंत थांबावे, मग नेमके औषध द्यावे, अशी रीत होती. ती तर्कशुद्धही वाटते. परंतु अनुभव वाईट आला. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. जेराल्ड बोडी व त्यांचे सहकारी यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके अधिक दिवस कमी, तितका संसर्ग अधिक, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. स्यूडोमोनास रक्तात शिरल्यावर पुष्कळसे रुग्ण जंतूचे नाव कळण्याआधीच दगावत. म्हणून १९७१ साली बाल्टिमोरचे डॉ. स्टीफन शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताप येताच, जंतू कळण्याची वाट न पाहता, दोन प्रतिजैविके एकत्र सुरू करण्याच्या पद्धतीचे परिणाम मांडले. ताप येताच, वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करणे, हीच आज जगभरची रीत आहे.

म्हणून अशा मुलास तापाने रुग्णालयात आणले की रक्त तपासणीस व जंतुवाढीसाठी घेतात आणि शक्यतो पहिल्या ६० मिनिटांच्या आत शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. त्वचेवर डाग असेल तर त्यातील द्रव अथवा त्वचेचा बारीक तुकडा तपासणीस घेतात. अहवाल आल्यावर औषध बदलता येते. गेलेला तास परत आणता येत नाही.

घरी काय करावे, काय टाळावे

आम्ही वर्गात फळ्यावर मुद्दे लिहून देतो, तसेच येथे देतो. आयाबहिणींनी हे पान कापून तापमापकाजवळ ठेवले तरी चालेल.

१. तापमापक घरात हवाच. काखेतून अथवा तोंडातून ताप पाहावा; गुदद्वारातून कधीही पाहू नये. तेथे एनिमा अथवा औषधाची वात घालणेही टाळावे.

२. ताप १०१ अंश एकदा, अथवा १००.४ अंश तासभर टिकला, तर ती तातडीची वेळ समजावी. पुष्कळ रुग्णालये १००.४ दिसताच कळविण्यास सांगतात. आपल्या डॉक्टरांनी जो आकडा दिला असेल तो पाळावा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये.

३. ताप मोजून डॉक्टरांस कळविण्यापूर्वी तापाची गोळी देऊ नये. गोळीने ताप झाकतो. जंतू तसेच राहतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या तर विचारल्याशिवाय मुळीच नकोत. रक्त गोठविणाऱ्या पेशीही या दिवसांत कमी असतात.

४. रोज स्नानाच्या वेळी चांगल्या उजेडात सर्व अंग पाहावे : नखे, काखा, जांघा, बूड, नळीची जागा, कानामागे. मूल मोठे झाले, लाजते, म्हणून पाहणे सोडू नये. त्यास कारण समजावून सांगावे. गुदद्वाराजवळ दुखते का, हे रोज विचारावे.

५. नवा डाग दिसला तर पेनाने त्याच्या कडेने रेघ ओढावी आणि वेळ लिहावी. डाग रेघेबाहेर गेला का, हे डॉक्टरांस त्यावरून कळते. परंतु ही रेघ ओढून घरी बसू नये. कळवावे आणि निघावे.

६. फोड दाबू नये, सुई टोचू नये, शेकू नये. हळद, चुना-गूळ, अळशीचे पोटीस, कोरफड, कसलाही लेप लावू नये. निरोगी मुलास यांपैकी काही मानवत असेल. या मुलास नको. डाग देण्याचा प्रकार तर कोणत्याच मुलावर करू नये.

७. मागच्या खेपेची उरलेली अथवा दुकानातून मागून आणलेली प्रतिजैविके देऊ नयेत. आपल्या देशात औषधांस न जुमानणारे जंतू पुष्कळ आहेत. अर्धवट औषधाने ते अधिक बळावतात व तपासणीतही सापडेनासे होतात.

८. हात साबणाने धुणे, हा सर्वांत स्वस्त व सर्वांत चांगला उपाय. मुलास उचलणाऱ्या प्रत्येकाने धुवावेत; भेटीस आलेल्या पाहुण्याने सुद्धा. मुलाची नखे सरळ कापावीत, टॉवेल वेगळा ठेवावा, न्हाऊन झाल्यावर सांधे कोरडे करावेत, त्वचा भेगाळू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले मलम लावावे. अनवाणी फिरू देऊ नये.

शाळेने काय करावे?

प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर अशा मुलाने शाळेत यावे. एकटे पडणे हाही एक आजारच आहे. परंतु वर्गशिक्षकास तीन गोष्टी ठाऊक असाव्यात : मुलाच्या पालकांचा क्रमांक, त्याच्या रुग्णालयाचा क्रमांक, आणि आपल्यास ठरविण्याचा अधिकार नाही ही जाणीव. मुलाने अंगावर काही दाखविले, थंडी वाजते म्हणाला, तर मत देऊ नये, दूरध्वनी करावा. आम्ही दिलेले मत दोन वाक्यांचे होते. आम्ही ते आजही शब्दशः आठवू शकतो.

केस गेलेल्या मुलाशेजारी बसल्याने कर्करोग लागत नाही, हे वर्गास स्पष्ट सांगावे. धोका असलाच तर उलट दिशेने असतो. कांजिण्या झालेल्या मुलाने बरे होईपर्यंत शाळेत येऊच नये; सर्दी अथवा अंगावर पिकलेले फोड असलेल्या मुलांनी काही दिवस त्याच्यापासून दूर बसावे, आणि तेही त्याचा अपमान होणार नाही अशा रीतीने.

संस्थेपुढे एक विनंती

आपल्या सीमाभागातून कर्करोगाच्या उपचारासाठी पुष्कळ कुटुंबे मुंबईस जातात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे. परंतु मुंबई येथून सुमारे ५०० किलोमीटर. डोस तेथे मिळतो. काउंट खाली येतात ते खानापूर, निपाणी अथवा चिकोडीकडच्या एखाद्या खेड्यात, बहुधा घरी परतल्यावर. ताप येतो तो रात्री, जेव्हा शेवटची एसटी निघून गेलेली असते. अशा वेळी मुंबई गाठण्याचा विचार करू नये. मुंबईच्या डॉक्टरांस दूरध्वनीवर विचारून, उपचारांची फाइल हाती घेऊन, बालरोगतज्ज्ञ व रक्त तपासणीची सोय असलेले सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे, "मुलाची केमो चालू आहे, ताप आहे." हे एक वाक्य सांगितल्याने रांगेतील तास वाचतो.

आपल्या संस्थेने वैद्यकीय मदतीस नेहमीच हात दिला आहे. बहुतेक मदत मोठ्या बिलांसाठी असते, आणि ती असावीच. त्याबरोबर या महोत्सवी वर्षी तीन लहान कामांचा विचार व्हावा अशी आमची नम्र सूचना आहे. आपल्या परिचयातील अशा प्रत्येक घरी एक चांगला तापमापक व मराठीत छापलेले सूचनापत्र द्यावे. रात्री हाक येताच निघेल अशी एक गाडी व तिचे भाडे यांची तजवीज ठेवावी. गाडीवाल्याचा क्रमांक त्याच पत्रावर छापावा. आणि अशा मुलांच्या शिक्षकांना वर्षातून एकदा बोलावून बालरोगतज्ज्ञांकडून तासभर माहिती द्यावी. या शेवटच्या कामी लागेल तो वेळ देण्यास आम्ही तयार आहोत.

तो मुलगा पुढे दहावी झाला. त्याचा उपचारही पूर्ण झाला आहे. पोटरीवर तळहाताएवढा चकचकीत व्रण आहे, आणि तो पाय किंचित ओढत चालतो. मध्यंतरी बाजारात भेटला तेव्हा त्याने लवून सलाम केला आणि आम्हांस घरी येण्याचा आग्रह केला. त्याच्या वडिलांनी त्या शुक्रवारचा विषय आजवर एकदाही काढलेला नाही. म्हणून तो आम्हीच येथे काढला आहे. हा पाठ वाचून एखाद्या घरी, एखाद्या रात्री, "उद्या पाहू" म्हणण्याऐवजी कोणी दूरध्वनी उचलला, तर आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.